शिकणाऱ्याने बोलावे काय?



आपल्या मंडळीतील एखादा मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान अथवा साहित्य शिकत असेल, तर एके दिवशी ते मूल वही घेऊन आपल्या दाराशी येईल, हे आता गृहीत धरायला हरकत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची वाट मोकळी केली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात अशी तरतूद आहे की, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग निवडता यावा व त्याने एखाद्या विषयाचा शोध घेऊन प्रबंध लिहावा. पूर्वी जे काम एम.ए. अथवा पीएच.डी. करणाऱ्यांचे समजले जाई, ते आता वीस-एकवीस वर्षांच्या मुलांच्या हाती येत आहे. परदेशांत ही रीत आपल्यापेक्षा जुनी आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ॲशव्हिल येथे १९८७ साली पदवीच्या विद्यार्थ्यांची पहिली राष्ट्रीय संशोधन परिषद भरली, आणि ब्रिटनमध्ये तशीच परिषद २०११ मध्ये सुरू झाली. अशा परिषदांत विद्यार्थी उभे राहून आपला शोध सांगतात आणि शिकवणारे श्रोत्यांत बसून ऐकतात.

ही वार्ता आनंदाची आहे. तथापि तिच्यातून एक प्रश्न उभा राहतो, आणि तो केवळ शिक्षणखात्याचा नाही. तो सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न आहे. ज्याचे शिकणे अजून पुरे झालेले नाही, त्याने चारचौघांत उभे राहून बोलावे काय? वडीलधारी माणसे कधी हसून, कधी रागावून म्हणतात, "याला अजून काय कळते?" दुसऱ्या बाजूला प्रामाणिक विद्यार्थी मनातल्या मनात हाच प्रश्न स्वतःला विचारतो आणि गप्प बसतो. अहंमन्य विद्यार्थ्याला असा प्रश्न पडतच नाही. परिणाम असा होतो की, ज्याने थोडे थांबून बोलायला हवे तो मोठ्याने बोलतो, आणि ज्याचे बोलणे ऐकण्यासारखे आहे त्याची वही कपाटात राहते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट शोधले पाहिजे.

आरंभी विरोधी बाजू न्यायाने ऐकू या, कारण ती क्षुल्लक नाही. याकोबाने आपल्या पत्रात मंडळीला बजावले आहे की, तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होण्याची हाव धरू नये. शिकवणाऱ्याचा न्याय अधिक कडक रीतीने होईल. लगेच पुढे तो जिभेविषयी बोलतो, एवढ्याशा ठिणगीने पेटणाऱ्या रानाविषयी बोलतो. हा इशारा मानव्यविद्येच्या अभ्यासकाला विशेष लागू पडतो. रसायनशाळेत विद्यार्थ्याचे काही चुकले, तर परीक्षानळीतच ते बहुधा दिसून येते आणि नळी धुऊन प्रयोग पुन्हा करता येतो. परंतु एखाद्या वस्तीविषयी, एखाद्या जातीविषयी, एखाद्या मृत पाळकाविषयी किंवा एखाद्या घराण्याविषयी चुकीचे विधान छापले गेले, तर ते धुऊन निघत नाही. एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जात ते शेवटी सत्य म्हणून नांदू लागते. आपल्या देशात परकीय लेखकांनी आणि स्वकीय पंडितांनीही कितीतरी समाजांवर असे शिक्के मारले, आणि ते शिक्के पुसताना पिढ्या गेल्या. मग अपुऱ्या ज्ञानाला व्यासपीठ देणे हे औदार्य की निष्काळजीपणा?

या प्रश्नावर पवित्र शास्त्रात एक लहानसा प्रसंग आहे. तो आपण अनेकदा वाचतो. पण त्याचा या अंगाने क्वचितच विचार करतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अपुल्लोस नावाचा एक यहूदी इफिसास येतो. तो आलेक्सांद्रियाचा, बोलण्यात निपुण, शास्त्रांत प्रवीण आणि आत्म्याने आवेशी असा होता. येशूविषयी तो जे सांगे ते बरोबर सांगे. मात्र त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्माच ठाऊक होता. थोडक्यात, त्याचे ज्ञान खरे होते, पण अर्धे होते. असा मनुष्य सभास्थानात निर्भयपणे बोलू लागला. श्रोत्यांत प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे दांपत्य बसले होते. ही माणसे राहुट्या करून पोट भरणारी होती; क्लौद्य कैसराच्या हुकुमाने रोमहून बाहेर पडावे लागलेली होती. परंतु अपुल्लोसाला जे ठाऊक नव्हते ते त्यांना ठाऊक होते.

त्यांनी काय केले ते लक्षपूर्वक पाहा. भर सभेत उठून त्यांनी त्याचा पाणउतारा केला नाही. "आधी शीक आणि मग बोल," असे सांगून त्याचे तोंड बंद केले नाही. त्याचबरोबर, तरुण आहे, उत्साही आहे, चालायचेच, अशी वरवरची शाबासकी देऊन ते घरीही निघून गेले नाहीत. त्यांनी त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक अचूकपणे समजावून दिला. पुढे त्याला अखयास जावेसे वाटले, तेव्हा तेथील शिष्यांनी त्याचे स्वागत करावे म्हणून इफिसच्या बंधूंनी पत्र लिहून दिले. तेथे तो विश्वासणाऱ्यांना फार उपयोगी पडला.

आता असा विचार करा की, आपले ज्ञान पूर्ण होईपर्यंत अपुल्लोस गप्प राहिला असता तर? मग त्याच्या ज्ञानात काय उणे आहे हे कोणालाच कळले नसते, आणि त्याला स्वतःला तर मुळीच कळले नसते. तो बोलला म्हणूनच त्याची उणीव ऐकू आली, आणि ऐकू आली म्हणूनच ती भरून निघाली. याकोबाचा इशारा आणि अपुल्लोसाचा प्रसंग यांत विरोध नाही. शिक्षकाच्या आसनावर बसून दुसऱ्यांना बांधणारा निवाडा देणे ही एक गोष्ट आहे. आपल्याला जेवढे दिसले तेवढे इतरांपुढे ठेवून त्यांची तपासणी स्वीकारणे ही दुसरी गोष्ट आहे. पहिल्या गोष्टीचा अधिकार थोड्यांना असतो. दुसरी गोष्ट हे प्रत्येक शिकणाऱ्याचे कर्तव्य आहे, कारण तिच्यावाचून शिकणे पुरे होत नाही.

परंतु कोणी म्हणेल की, विद्यार्थ्याच्या निबंधाने असे काय साधणार? गुण मिळतील, फार तर बक्षीस मिळेल. याचे उत्तर इतिहासात आहे.

१७८५ साली इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाचे कुलगुरू पीटर पेकार्ड यांनी लॅटिन निबंधस्पर्धेसाठी एक प्रश्न दिला: मनुष्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणे न्याय्य आहे काय? त्या काळी इंग्लंडची जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे विकत घेऊन अमेरिका खंडात विकत होती, आणि हा व्यापार प्रतिष्ठित समजला जाई. दोनच वर्षांपूर्वी झाँग नावाच्या जहाजाचा खटला लंडनच्या न्यायालयात चालला होता. १७८१ मध्ये त्या जहाजावरील सुमारे १३० आफ्रिकी माणसांना जिवंत समुद्रात फेकण्यात आले होते. आणि खटला चालला तो मनुष्यवधाचा नव्हे, तर विम्याच्या पैशांचा.

त्या स्पर्धेत सेंट जॉन्स कॉलेजचा पंचवीस वर्षांचा थॉमस क्लार्कसन उतरला. त्याने पहिली पदवी घेतली होती; पण तो अजून विद्यापीठातच शिकत होता. आदल्या वर्षी त्याला अशाच एका स्पर्धेत बक्षीस मिळाले होते, आणि यंदा पुन्हा मिळावे एवढाच त्याचा हेतू होता, असे त्याने पुढे स्वतः नमूद केले आहे. विषयाची त्याला काहीच माहिती नव्हती आणि हाती दोनेक महिन्यांचा अवधी होता. त्याने या व्यापारात असलेल्या एका दिवंगत मित्राची कागदपत्रे मिळवली, वेस्ट इंडीज बेटांत राहून आलेल्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले, आणि लंडनला जाऊन अँथनी बेनेझेट यांचे गिनी देशाविषयीचे पुस्तक विकत आणले. बेनेझेट हे फिलाडेल्फिया येथील एक साधे शाळामास्तर होते. तेथील आफ्रिकी वंशाच्या मुलांना ते संध्याकाळी आपल्या घरी शिकवीत. १७८४ मध्ये ते वारले. आपल्या पुस्तकातून दूर देशीचा एक विद्यार्थी काय घेणार आहे, हे त्यांना कळण्याचा संभवच नव्हता.

निबंध लिहिता लिहिता क्लार्कसनची झोप उडाली. दिवसा मनाला चैन पडेना. रात्री एखादा विचार सुचला तर टिपून ठेवता यावा म्हणून तो खोलीत दिवा जळत ठेवी. बक्षिसाचा विचार मागे पडला आणि माणसांचे दुःख पुढे आले. निबंधाला पहिले बक्षीस मिळाले. जून १७८५ मध्ये त्याने तो विद्यापीठाच्या सभागृहात वाचून दाखवला, आणि घोड्यावर बसून तो लंडनला निघाला. हर्टफर्डशायरमध्ये वेड्समिल गावाजवळ तो घोड्यावरून उतरला, रस्त्याच्या कडेला गवतावर बसला, आणि त्याच्या मनात विचार आला की, आपण लिहिले ते जर खरे असेल, तर या यातनांचा शेवट करण्यासाठी कोणीतरी उठले पाहिजे.

वाचकहो, या विचारातील "जर" या शब्दाकडे लक्ष द्या. निबंध लिहीपर्यंत क्लार्कसनने गुलामांच्या व्यापारातले एकही जहाज आतून पाहिलेले नव्हते. त्याचे ज्ञान पुस्तकांतून आणि दुसऱ्यांच्या तोंडून आलेले होते, आणि ते अपुरे आहे हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने दोन गोष्टी केल्या. त्याने निबंधाचे इंग्रजी भाषांतर करून १७८६ मध्ये ते जेम्स फिलिप्स या क्वेकर मुद्रकाकडून प्रसिद्ध करवले. तसेच निबंधात राहिलेली उणीव भरून काढायला तो बाहेर पडला. ब्रिस्टल आणि लिव्हरपूलच्या बंदरांत जाऊन त्याने खलाशांच्या साक्षी घेतल्या, जहाजांवरील नोंदवह्या तपासल्या, बेड्या आणि अंगठे चिरडण्याची यंत्रे दुकानातून विकत घेऊन लोकांना दाखवली. लिव्हरपूलच्या धक्क्यावर त्याला पाण्यात ढकलून देण्याचाही प्रयत्न झाला. २२ मे १७८७ रोजी बारा जणांची समिती स्थापन झाली, तिच्यात तो होता. १८०७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद केला आणि १८३३ मध्ये वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. हिंदुस्थानासाठी १८४३ चा पाचवा कायदा यावा लागला. क्लार्कसन १८४६ मध्ये वारला, तोवर त्याने हे सर्व पाहिले.

हे सर्व एका निबंधाने घडले, असे मी म्हणत नाही. त्यामागे अनेकांचे श्रम होते, आणि स्वतः गुलामगिरी भोगलेल्या ओलाउडा इक्विआनो यांच्यासारख्या माणसांची साक्ष होती. परंतु क्लार्कसनने तो निबंध बक्षिसाबरोबर पेटीत ठेवून दिला असता, तर त्याच्यापुरते ते सत्य तेथेच पुरले गेले असते. धन्याने सोपवलेला पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाने चोरी केली नव्हती. पैसा बुडू नये म्हणून त्याने काळजीच घेतली होती. तरीही धन्याने त्याला दोष दिला.

आता आपल्या भाषेकडे या. १८५५ साली 'ज्ञानोदया'त, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये सुरू केलेल्या पत्रात, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च या दोन अंकांत, एका विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. तिचे नाव मुक्ता साळवे. ती मांग समाजातली, वयाने चौदाच्या आसपास, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत सुमारे तीन वर्षे शिकलेली. विषय होता मांग-महारांचे दुःख. आपल्या लोकांना पेशवाईत कसे वागवले गेले, आपल्या स्त्रियांना बाळंतपणात डोक्यावर छप्परसुद्धा कसे नसते, हे तिने लिहिले. वेद वाचण्याचा अधिकार आम्हांला नसेल तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिने देवालाच विचारला; आणि शेवटी आपल्या बांधवांना शिकण्याची विनंती केली.

तीन वर्षे शिकलेल्या मुलीला "तुला अजून काय कळते?" असे विचारणारे त्या काळी थोडे नसतील. शास्त्रांचे तिचे ज्ञान अपुरे होते हे कोणीही दाखवू शकला असता. परंतु जे तिला ठाऊक होते ते पुण्यातील कोणाही शास्त्र्याला ठाऊक नव्हते. वयाने मोठ्या आणि विद्येने थोर असलेल्या माणसांची दृष्टी जेथे पोचत नाही, तेथे उभे असलेले मूल कधी कधी अधिक पाहते. तिचे भाग्य हे की, तिला बोलायला शिकवणारे शिक्षक भेटले आणि तिचे बोलणे छापणारे पत्र भेटले. ख्रिस्ती मराठी पत्रकारितेने अभिमान बाळगावा अशा गोष्टींत या निबंधाची गणना झाली पाहिजे.

क्लार्कसन आणि मुक्ता यांच्यात एक भेद आहे. त्याने दुसऱ्यांच्या दुःखाविषयी लिहिले; तिने स्वतःच्या लोकांच्या. आपल्याकडील आजचे विद्यार्थी बहुधा या दोहोंच्या मध्ये उभे असतात. ते आपल्याच मंडळीचा, आपल्याच वस्तीचा शोध घेतात. पण ज्यांच्याविषयी लिहायचे ती माणसे त्यांच्याहून वेगळी असतात, आणि पुष्कळदा अजून जिवंत असतात. येथेच या प्रश्नाचा सर्वांत अवघड भाग येतो.

समजा, पदवीची एखादी विद्यार्थिनी आपल्या जिल्ह्यातील जुन्या मंडळीच्या इतिहासावर काम करीत आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांच्या अनाथाश्रमांत कितीतरी मुले आली, हे सर्वश्रुत आहे. पाळकसाहेबांनी तिच्यासाठी बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही उघडली. एका नोंदीत पित्याच्या नावाची जागा रिकामी आहे आणि शेजारी पूर्वीची जात लिहिली आहे. त्या बालकाचे नातवंड आज त्याच मंडळीत वडील म्हणून सेवा करीत आहे, आणि घराण्यात सांगितली जाणारी हकीकत निराळी आहे. त्याच कपाटातल्या पंचांच्या जुन्या इतिवृत्तात तिला असेही सापडते की, प्रभुभोजनाच्या वेळी कोणी पुढे बसावे आणि कोणी मागे, यावरून मंडळीत तंटा झाला होता. आता तिने काय सांगावे आणि काय सांगू नये?

काही जण म्हणतील, सत्य ते सत्य, सगळे छापा. काही जण म्हणतील, प्रीती पुष्कळ पापे झाकते; सगळे झाका. मला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. या दोन नोंदी एकाच कपाटात सापडल्या, तरी त्या एका जातीच्या नाहीत. पहिली नोंद एका निराधार बालकाची आहे. त्याने काही केले नव्हते. त्याच्यावर दुष्काळ कोसळला होता. त्याचे नाव सांगण्याचा अधिकार त्याच्या वंशजांचा आहे, विद्यार्थिनीचा नाही. तिने पाहिजे तर सांगावे की, आमच्या मंडळीचे कितीतरी पूर्वज दुष्काळाने पोरके केलेले होते आणि मंडळीने त्यांना नाव दिले. हे सत्य पूर्ण आहे आणि त्यात कोणाची मान खाली जात नाही. एखाद्या कुटुंबाने आपण होऊन पुढे येऊन नाव सांगितले, तर तो त्यांचा मान.

दुसरी नोंद मंडळीने केलेल्या अन्यायाची आहे. ती झाकणे ही प्रीती नव्हे. १८३३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला त्याच वर्षी, कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना दक्षिणेतील मंडळ्यांतला जातिभेद मोडण्यासाठी पत्र लिहून आज्ञा करावी लागली. प्रभूच्या मेजाजवळही भेद होता, याचा तो लेखी पुरावा आहे. असा इतिहास सांगितल्याने मंडळी लहान होत नाही. उलट, ज्यांना मागे बसवले गेले त्यांच्या नातवंडांना कळते की, आपल्या आजोबांचे दुःख कोणाच्या तरी ध्यानात आहे.

म्हणून कसोटी अशी लावावी: मौनाने कोणाचे रक्षण होते? मौन जर दुर्बळाच्या अब्रूभोवती पांघरूण घालत असेल, तर ते राखावे. मौन जर बलवानाची चूक लपवीत असेल, तर ते मोडावे. आपल्याकडे अनेकदा उलटे घडते. गरिबाच्या घरातील गोष्ट गावभर होते आणि संस्थेच्या दप्तराला कुलूप लागते. आणि कुलूप लावताना "घराण्यांची लाज" हेच कारण पुढे केले जाते. दुर्बळांसाठी केलेली ढाल बलवानांनी उचलून स्वतःपुढे धरावी, याहून मोठी लबाडी कोणती?

ज्या विद्यार्थ्यांच्या हाती हा लेख पडेल, त्यांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, आपल्याला कोठवर ठाऊक आहे ते स्पष्ट सांगा. दहा घरी विचारले असेल तर दहा म्हणा. "समाज असे मानतो" असे म्हणू नका. दुसरी, ज्याच्याकडून जे घेतले त्याचे ऋण सांगा. पुस्तकाचे सांगता तसेच, चुलीपाशी बसून दोन तास बोलणाऱ्या आजींचेही, त्यांची संमती असेल तर नावानिशी सांगा. आणि लिहून झाल्यावर प्रथम त्यांनाच वाचून दाखवा. परीक्षकांच्या आधी त्यांचा अधिकार आहे. तिसरी, जे स्वतः शोधले नाही ते शोधले असे भासवू नका. आज यंत्राला विषय सांगितला की ते क्षणात सुबक निबंध लिहून देते. असा निबंध कदाचित गुण मिळवून देईल; पण तो कोणाची झोप उडवणार नाही. ज्याने पाहिले नाही त्याची साक्ष न्यायालय घेत नाही, मग मंडळीने का घ्यावी? लूकनेही आपले शुभवर्तमान लिहिताना थियफिलाला आरंभीच सांगितले आहे की, आपण सर्व गोष्टींचा मुळापासून नीट शोध करून त्या अनुक्रमाने लिहीत आहोत. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने लिहिणाऱ्यालाही शोधाचे श्रम चुकले नाहीत.

आणि आपण जे वडील, पाळक, शिक्षक व पालक आहोत, त्यांचे काय? बिरुयातील लोक प्रत्यक्ष पौलाचे बोलणेही रोज शास्त्रात तपासून पाहत, आणि त्याबद्दल त्यांची स्तुती झाली आहे. म्हणून तरुणांचे बोलणे अवश्य तपासावे. परंतु तपासण्यासाठी आधी ते ऐकावे लागते. वर्षातून एका रविवारी उपासनेनंतर तासभर वेळ काढून, मंडळीतील महाविद्यालयीन मुलांनी वर्षभरात काय शोधले ते त्यांना सांगू द्यावे, एवढे तरी आपल्याला शक्य आहे. कोणी दखनी ओवीविषयी सांगेल, कोणी गावच्या पाणवठ्याविषयी, कोणी कबरस्तानातील झिजलेल्या शिळांविषयी. जुन्या नोंदवह्या वाळवीच्या हवाली करण्यापेक्षा विश्वासू मुलांच्या हाती, आपल्या देखरेखीखाली, द्याव्यात. बडोद्यापासून बेळगावपर्यंत आणि इंदूरपासून हैदराबादपर्यंत पसरलेल्या आपल्या मराठी मंडळ्यांचा इतिहास अजून पुष्कळसा अशा वह्यांत आणि वृद्धांच्या आठवणींत आहे. वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत.

मुलाच्या सांगण्यात चूक आढळली तर प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांची आठवण ठेवावी. चूक दाखवावीच, न दाखवणे ही त्या मुलाची उपेक्षा आहे. पण ती त्याला जवळ बसवून दाखवावी. त्यासाठी विद्वत्तेची मोठी पदवी लागत नाही. इफिस येथे हे काम राहुट्या शिवणाऱ्यांनी केले.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमेच्या मंदिरात सापडला तेव्हा तो गुरूंच्या मध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारीत होता. ज्याच्यात ज्ञानाचे सर्व निधी आहेत असे आपण मानतो, त्याने त्या वयात आसनावर चढून निवाडा दिला नाही. आणि वयाने लहान म्हणून तो गप्पही बसला नाही. त्या गुरूंचीही नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पण एवढे ठाऊक आहे की, त्यांनी एका मुलाला आपल्यामध्ये बसायला जागा दिली, त्याचे प्रश्न ऐकले आणि त्याच्या उत्तरांचे आश्चर्य केले. आपल्या दाराशी वही घेऊन येणाऱ्या मुलाला आपण निदान तेवढी जागा देऊ या.